पन्नासचे तीस

सोमवार, ४ ऑगस्ट

आज आमचा काळा फळा गेला. दोघांनी भिंतीवरून उतरवला, आडवा धरला, दारातून निघेना म्हणून तिरका करून नेला. मी जिन्यात उभी होते. त्यातला एक म्हणाला, "बाई, जरा वाट द्या." दिली वाट. दुसरं काय करणार?

त्याच्या जागी काचेचा फळा आलाय. बोटाने चालतो, पेनाने चालतो, चालत नाही तो फक्त खडूने. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, त्याच्याकडे नव्या सुनेकडे बघावं तशा कौतुकाने बघत होत्या.

मला भीती वाटतेय. हे इथेच लिहिते, तोंडाने कुणाला सांगणार नाही. शाळेत मुलं मला भूमितीबाई म्हणतात. हातात कंपास न घेता मी एका झटक्यात वर्तुळ काढते, दोन्ही टोकं बरोब्बर जुळतात, आणि दरवर्षी नव्या वर्गातून "आईशप्पथ!" असा आवाज येतो. त्या आवाजासाठी मी पहिल्याच तासाला वर्तुळ काढते, धड्यात असो नाहीतर नसो. थोडा माजच आहे म्हणा ना मला त्याचा.

बुधवार, ६ ऑगस्ट

फजिती. अगदी पुरती फजिती.

लिहिताना डावा पंजा फळ्यावर टेकवायची मला सवय आहे. खडूवाल्या सगळ्यांनाच असते, हात स्थिर राहतो. या मेल्या काचेला पंजा लागला की तिला वाटतं डस्टर फिरतंय. म्हणजे उजव्या हाताने मी लिहितेय आणि डाव्या हाताने माझंच लिहिलेलं पुसतेय, आणि मला पत्ताच नाही! दहावीचा वर्ग मागे खिदळतोय. मला वाटलं केसांत काही अडकलंय. चाचपून बघितलं, तर आणखी हसले. मग मान वर केली. त्रिकोणाची एक बाजू तेवढी उरली होती.

"दात काढायला काय झालं?" असं मी ओरडले. एकानेही सांगितलं नाही की बाई, तुमचा हात. फक्त एक मुलगी हसत नव्हती. खिडकीजवळ पहिल्या बाकावर बसते. तिचं नाव मी 'शंका' ठेवलंय, कारण प्रत्येक तासाला तिचं ठरलेलं, "बाई, एक शंका." खरं सांगायचं तर तिच्या शंका चांगल्या असतात, कधीकधी मलाच थांबून विचार करावा लागतो. आजही तिचा हात अर्धवट वर होता. मी तिकडे बघितलंच नाही. म्हटलं, आज कुणाच्या शंका नकोत.

उरलेला तास पुस्तकातून शिकवलं आणि वर एक भाषण ठोकलं. पेपर कसा लिहावा, नेटकेपणा कशाला म्हणतात, वगैरे. "आणि खोडलेलं मी तपासत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. एकदा ठरवा आणि ठाम लिहा." स्वतःची लाज झाकायला दुसऱ्यांना शिस्त शिकवायची, ही माझी जुनी युक्ती.

मंगळवार, १२ ऑगस्ट

शाळा सुटल्यावर प्रशिक्षण. शिकवायला कोण, तर आमचे विज्ञानाचे सर. गळ्यात सदोदित चार्जरची वायर, म्हणून मुलं त्याला चार्जर म्हणतात. माझ्याच हाताखाली शिकलाय. भूमितीत बेताचाच होता. आता मी बाकावर आणि तो फळ्याशी. काय दिवस आलेत!

बोलतो मात्र समजावून. पानावरच्या ओळी झाकून ठेवायच्या, कोपऱ्यात टिचकी मारली की एकेक उघडते. एक पान तसंच्या तसं दुसरं करता येतं, पुन्हा लिहायला नको. आणि शेवटी दोन बटणं. "सेव्ह म्हणजे आपल्या कपाटात. शेअर म्हणजे मुलांच्या दप्तरात," असं त्याने दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तर माझ्याकडे बघून. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

"बाई, एकदा करून बघता का?" त्याने विचारलं.

"कळलं रे मला. तू पुढे चल."

कळलं नव्हतं. विचारायला जीभच उचलली नाही. शेजारी चित्रकलेच्या बाई बिनधास्त विचारत होत्या, चुकत होत्या, स्वतःच हसत होत्या. मला त्यांचा राग आला. का आला कोण जाणे.

जाताना बघितलं, काचफळ्याच्या लाकडी चौकटीवर डाव्या बाजूला कुणीतरी निळी चिकटपट्टी लावली होती, बरोबर माझ्या पंजाच्या उंचीवर. चार्जरनेच लावली असणार. माझी खिल्ली उडवतो! नखाने खरवडून काढून टाकली.

शनिवार, १६ ऑगस्ट

मोठ्या बाईंनी सभेत जाहीर केलं. या महिन्याअखेरीस त्या प्रत्येकाच्या तासाला मागे येऊन बसणार. ज्याला नवा फळा नीट वापरता येत नाही त्याच्याकडे दहावी राहणार नाही. बोलताना माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे माझ्याबद्दलच बोलत होत्या.

दहावी काढून घेतली तर माझ्याकडे उरणार काय? मी दुसरं काही फारसं करत नाही. मला स्वयंपाकात गती नाही, गाता येत नाही, चार माणसांत बोलायला गेले तर भांडण होतं. दहावीची भूमिती हीच मी.

घरी येऊन ह्यांच्यावर चिडचिड केली. हे गाडी चालवायला शिकवतात. बाजूच्या सीटखाली ह्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक आहे, त्याच्या जिवावर संसार चाललाय. म्हणाले, "अगं, पन्नाशीनंतर शिकायला येतात ना, त्यांचं एक ठरलेलं असतं. गाडी बंद पडली की खाली उतरून चाकाकडे बघतात. जसा काही दोष चाकाचाच."

"मला टोमणा मारताय?"

"छे गं. मी चाकाबद्दल बोलतोय."

रविवार, २४ ऑगस्ट

सुचलं! वर्गात लिहायचंच कशाला? सगळं घरीच शाळेच्या टॅबवर सावकाश लिहून काढायचं, माझ्याच अक्षरात. ओळी झाकायच्या. वर्गात पाठ अशी ठेवायची की पेनाचं टोक कुणाला दिसू नये. उजव्या हाताने काचेपासून केसभर अंतरावर पेन फिरवायचं आणि डाव्या अंगठ्याने कोपऱ्यात टिचकी मारायची. ओळ उमटली की वाटणार, बाईंनीच लिहिली.

दुपारभर बसून केलं. धडा समरूप त्रिकोणांचा. माझी ठरलेली पद्धत आहे: बाजूंचं गुणोत्तर तीनास पाच घ्यायचं. लहान त्रिकोणाची परिमिती अठरा, तर मोठ्याची तीस. मग लगेच त्याच आकड्यांवर क्षेत्रफळ विचारायचं. लहानाचं अठरा, तर मोठ्याचं? मुलं हटकून तीस म्हणतात. मग मी सांगते, क्षेत्रफळाला गुणोत्तराचा वर्ग घ्यायचा, नवास पंचवीस, उत्तर पन्नास. एकदा असं तोंडावर आपटलं की मुलं जन्मात विसरत नाहीत.

परिमितीचं पान छान झालं. मग तेच पान कॉपी केलं, वरचा 'परिमिती' शब्द पुसून 'क्षेत्रफळ' लिहिला. खालचं गणित बदलायला घेणार तेवढ्यात ह्यांनी चहाला हाक मारली. चहाबरोबर थोडं हसणंही झालं. परत येऊन सगळ्या ओळी झाकल्या, सेव्ह केलं. काम फत्ते.

लबाडी आहे का ही? लिहिलंय मीच ना, अक्षर माझंच ना? मग लबाडी कसली!

मंगळवार, २६ ऑगस्ट

लिहू की नको, असं झालंय. लिहिते.

मोठ्या बाई शेवटच्या बाकावर बसल्या. त्या भाषेच्या, गणिताशी त्यांचा छत्तीसचा आकडा. सकाळीच मी फाइल चार्जरकडे दिली होती, त्याने ती फळ्यावर चढवून मुलांच्या टॅबवरही पाठवून दिली होती. पहिलं पान मस्त चाललं. मी हवेत पेन फिरवते, अंगठा टिचकी मारतो, ओळ उमटते. अगदी रंगात आले होते मी. दुसरं पान. क्षेत्रफळ. ओळी उमटत गेल्या, शेवटची उमटली, मी वळले.

"बाई, एक शंका."

उभी राहिली होती ती. "तीस कसे, बाई? पन्नास यायला पाहिजेत ना? वर्ग घ्यायचा राहिला."

मी फळ्याकडे बघितलं. एका क्षणात दिसलं. वर 'क्षेत्रफळ', खाली सगळं परिमितीचं. रविवारचा तो चहा आठवला.

दुरुस्त करायला पेन टेकवलं असतं तर उमटलंच नसतं. झाकलेल्या ओळींचं पान आधी थांबवावं लागतं, तेव्हाच त्यावर लिहिता येतं, आणि ते मला येतच नव्हतं. मागे मोठ्या बाई. सगळं सोंग उघडं पडलं असतं. खरंच सांगते, सारवासारव करायचीही शुद्ध राहिली नाही. तोंडातून निघालं ते असं.

"फळ्यावर काय लिहिलंय?"

"तीस."

"मग?"

"पण बाई, पुस्तकात तर..."

"तू मला पुस्तक शिकवतेस? तीस म्हणजे तीस. ऊठसूट शंका काढायच्या नुसत्या. लक्ष दिलं असतंस तर पडली नसती. बस खाली."

वर्ग हसला. या वेळी माझ्याबरोबर हसला. ती बसली. कानापर्यंत लाल झाली होती. पट्टी घेतली आणि वहीत काहीतरी सरळ रेषेत खोडलं.

तास संपल्यावर मोठ्या बाईंनी माझा हात हातात घेतला. "मला वाटलं नव्हतं हो तुम्ही इतक्या लवकर शिकाल! आणि वर्गावर पकड काय आहे तुमची!" मी हसले. हो, हसले मी.

बुधवार, २७ ऑगस्ट

जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं, "काय, गाडी ठोकलीस की काय कुठे?"

मी हो म्हटलं.

"कुणाला लागलं का?"

मी ताट बाजूला सारलं. ताट उचलता उचलता एवढंच म्हणाले, "आधी ज्याला लागलं त्याच्याकडे बघायचं, मग गाडीकडे. पहिल्याच दिवशी सांगतो मी सगळ्यांना."

मला कुणी असं सांगायला नको होतं. इतकी वर्षं उभ्याने शिकवतेय, आजवर चुकीचं उत्तर बरोबर म्हणून कधी सांगितलं नव्हतं. चुकले असेन, पण चुकलं की तिथेच पुसलं. लाज वाटते. अंघोळ करताना लाज वाटते, वेणी घालताना लाज वाटते.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

मोठ्या बाईंनी आणखी घोळ घातला. दुसऱ्या शाळांतले काही जुने शिक्षक पंधरा तारखेला बघायला येणार आहेत, की वय झालेल्या माणसांनाही नवं तंत्र कसं जमतं. बघणार कुणाला? मला! तोच पाठ, त्याच मुलांसमोर. उजळणी म्हणून. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

पण मी एक चांगलं काम केलं. दुपारच्या रिकाम्या तासाला टॅब उघडला, ते पान नीट केलं, नवास पंचवीस लिहिलं, पन्नास लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. सेव्हचं बटण दाबलं. 'झालं' असा हिरवा शब्दही आला. आता प्रत्येकाच्या टॅबवर बरोबर उत्तर गेलं, कुणाला काही सांगावं लागलं नाही, कुणाची मान खाली गेली नाही. सुटले बाई एकदाची!

मंगळवार, २ सप्टेंबर

चाचणी पुढच्या आठवड्यात. वर्गात सांगितलं, "समरूप त्रिकोणांची फाइल परत एकदा नीट बघा. क्षेत्रफळाचं पान तर पाठच करा. त्यात आहे तेच बरोबर, तेच लिहायचं." इतकं स्पष्ट सांगितल्यावर कुणालाही कळेल.

शंकाने मान वर केली. टॅब उघडलेलाच होता तिचा. एकदा टॅबकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. ओठ हलले, पण हात वर झाला नाही. परत खाली बघितलं. समजलं असावं तिला. पोर समंजस आहे, मनात काही ठेवलेलं दिसत नाही.

हल्ली ती शंका विचारत नाही. मोठी होतायत पोरं. वर्ग कसा शांत असतो.

चाचणीत मुद्दाम तेच गणित घातलंय, तेच आकडे. हातचे गुण.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

पेपर तपासायला घेतले. पहिल्या पेपरात तीस. म्हटलं, हा उनाडच आहे. दुसऱ्यात तीस. तिसऱ्यात तीस, आणि खाली माझ्यासारख्याच दोन रेघा. हुशार पोरांच्या पेपरात तीस. नीटनेटक्या पोरींच्या पेपरात तीस. लाल पेन हातात धरून बसले होते, फुली मारता येईना. कुणाला मारू? माझंच उत्तर आहे ते. सगळ्या वर्गाने निष्ठेने लिहिलंय.

शेवटी तिचा पेपर शोधून काढला. तिने आधी नवास पंचवीस लिहिलं होतं. सगळ्या पायऱ्या स्वच्छ, उत्तर पन्नास. मग पट्टी लावून त्यावर एक सरळ रेघ मारली होती. आणि खाली लिहिलं होतं: तीस.

किती नीट खोडलंय! रागाने खरडलेलं नाही. वाचता येईल असं.

त्या पेपरात पुढेही बरीच खोडाखोड आहे. वर्तुळाचं गणित, कोनाचं गणित, ज्यांचा याच्याशी काही संबंध नाही तिथेही बरोबर लिहून खोडलंय आणि खाली काहीतरी भलतंच. चाचणीत गडबडली असेल. एरवी अशी लिहीत नाही ती.

शनिवार, १३ सप्टेंबर

चार्जरला गाठलं. म्हटलं, तुझा फळा बिघडलाय, नवी फाइल मुलांना गेलीच नाही. त्याने टॅब बघितला आणि हळूच म्हणाला, "बाई, सेव्ह केलंय. शेअर केलं नाही. तुमच्याच कपाटात आहे अजून."

म्हणजे दोन सप्टेंबरला मी ज्या पानाबद्दल 'हेच बरोबर, पाठ करा' म्हणून सांगितलं, ते पान तीसचं होतं. तिच्यासमोर उघडं होतं ते. म्हणून ओठ हलले होते. एकदा नाही, दोनदा मी तिला खाली बसवलं.

तिथेच बाकावर बसले. मग सगळं सांगितलं त्याला. सोंग, अंगठा, सगळं. तो हसला नाही.

"बाई, त्या दिवशी दारातून बघितलं होतं मी. तुमचं पेन टेकत नव्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही पट्टी काढून टाकली होतीत ना. मला वाटलं, तुम्हाला आवडत नाही कुणी सांगितलेलं." मग म्हणाला, "हात त्या चौकटीवर टेकला असता तर पुसलं गेलं नसतं. म्हणून लावली होती."

मला तर वाटलं होतं खिल्ली. बाई गं!

मग शिकवलं त्याने. झाकलेलं पान थांबवायचं कसं, त्यावर लिहायचं कसं. मी प्रत्येक गोष्ट परत परत विचारली. तीनदा तेच चुकले. त्याने तीनदा तेच सांगितलं, आवाज न चढवता. मला नव्हतं ते जमलं त्या दिवशी, एका पोरीच्या बाबतीत.

सोमवार, १५ सप्टेंबर

सकाळी निघताना ह्यांना विचारलं, "ज्याला लागलंय त्याच्याकडे जायला उशीर झाला असेल तर?"

"उशिरा जायचं," म्हणाले. "न जाण्यापेक्षा बरं." आणि गाडीने शाळेपर्यंत सोडलं.

पाहुणे मागे बसले. पांढऱ्या केसांचे, चष्मेवाले, माझ्यासारखेच. मोठ्या बाई मधोमध. मी जुनीच फाइल उघडली. टिचकी मारत गेले, क्षेत्रफळाचं पान संपूर्ण उघडलं. तीस. मग पेन खाली ठेवलं.

भाषण घोकून गेले होते, एक शब्द आठवला नाही. म्हणाले, "हे मी आत्ता लिहिलेलं नाही. मागच्या वेळीही लिहीत नव्हते. मला या फळ्यावर लिहिता येत नाही. घरून लिहून आणलं होतं आणि लिहिण्याचं सोंग केलं." मोठ्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस झालं नाही. पुढे म्हणाले, "आणि हे उत्तर चूक आहे. पन्नास पाहिजे."

खिडकीजवळच्या बाकाकडे वळले. "तू बरोबर होतीस. मला तेव्हाच कळलं होतं. कळूनसुद्धा तुला खाली बसवलं. माझं चुकलं, बाळा."

ती उभी राहिली. मला वाटलं रडेल, किंवा हसेल. मी कुठल्यातरी सिनेमातल्यासारखी वाट बघत होते, म्हणायला हरकत नाही. तिच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. कपाळाला आठी घालून विचार करत होती.

"मग बाई, मी खोडलं ते..."

"ते बरोबर होतं. त्याचे गुण देणार आहे तुला."

"तुम्ही खोडलेलं तपासत नाही."

"या वेळी तपासलं. का खोडलंस गं पण?"

"मला पन्नासच येत होतं. परत परत केलं तरी पन्नासच. पण तुम्ही तर चुकत नाही ना. म्हटलं, मला वाटतं तेच चुकीचं असणार." मग अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे पुढची खोडली, ती पण बरोबर होती का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. ती वर्तुळाची, कोनाची. गडबड नव्हती ती. एका गणितात स्वतःवरचा विश्वास गेला आणि मग प्रत्येक गणितात पहिलं आलेलं उत्तर ती पट्टी लावून खोडत गेली.

"हो," म्हणाले. "सगळी बरोबर होती."

ती मान हलवून बसली. मी फळ्याकडे वळले, पान थांबवलं, तीसवर डावा पंजा टेकवला आणि पुसलं. पेन धरून पन्नास लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. सगळ्या वर्गासमोर, पाहुण्यांसमोर डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला हातही मोकळा नव्हता.

नंतर पाहुण्यांतले एक वयस्कर सर जवळ आले. मला वाटलं आता ऐकवणार. इकडे तिकडे बघून कुजबुजले, "बाई, पंजाने पुसलं जातं, हे तुमचंही होतं का हो? आमच्याकडे तर मी कुणाला सांगितलंच नाही अजून."

मोठ्या बाई मात्र पाहुण्यांना घेऊन निघून गेल्या. संध्याकाळी बोलावलं. पुढच्या वर्षी दहावी चार्जरकडे. मी हरकत घेतली नाही. कशाच्या जोरावर घेणार? चार्जर बाहेर उभा होता, त्याचा चेहरा माझ्यापेक्षा पडलेला.

ते गणित मी सगळ्या वर्गाला पूर्ण गुणांचं धरलं. तिचा पेपर पहिल्यापासून परत तपासला, खोडलेलं सगळं. पैकीच्या पैकी होतात. ते लिहिताना मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

चौकटीवर निळी पट्टी परत लावून घेतली. माझ्याच हाताने. वर्गाला सांगितलं ही कशासाठी आहे. हसले. हसू दे.

शंका अजून काही विचारत नाही. रोज पहिल्या बाकाकडे बघते मी, हात वर होत नाही. पेपर परत दिला तेव्हा तिने आधी तिची खोडलेली उत्तरं एकेक करून पुस्तकाशी ताडून बघितली. माझ्या लाल खुणेवर भरवसा ठेवला नाही. बरोबरच केलं. मला मात्र तिथे उभं राहवेना.

सोमवार, २२ सप्टेंबर

आज घरून काही लिहून नेलं नव्हतं. वर्तुळ आणि स्पर्शिका. काचेवर वर्तुळ काढलं, एका झटक्यात. टोकं जुळली नाहीत, चांगलं बोटभर अंतर राहिलं. "आईशप्पथ" कुणी म्हणालं नाही. मीच म्हणाले, तेव्हा हसले सगळे.

मग स्पर्शिका, मग त्रिज्या, मग सिद्धता. बोलण्याच्या नादात हात पट्टीवरून कधी सरकला कळलंच नाही. वर्ग चुळबुळायला लागला. मी लिहीतच होते.

खिडकीजवळून आवाज आला. ती उभी नव्हती, हातही वर केला नव्हता. बसल्या जागेवरूनच, जरा वैतागून, म्हणाली:

"बाई, हात!"

मी हात उचलला. अर्धं वर्तुळ गेलं होतं. परत काढलं.